बाबांची ड्रॉप्सची बाटली महिन्यात का संपत नाही?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वडील ७३ वर्षांचे असून खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. आई-बाबा नारायण पेठेत राहतात. मी पिंपळे सौदागरला राहते आणि हिंजवडीला नोकरी करते. चार वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असल्याचे निदान झाले. रात्री एकदा लॅटॅनोप्रोस्ट आणि सकाळी व रात्री डॉर्झोलामाइड-टिमोलॉल एकत्र असलेले औषध, असे ड्रॉप्स त्यांना चालू आहेत. मागच्या तपासणीत डोळ्यांचे प्रेशर १६ निघाले, पण फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणी, आधीपेक्षा खराब आली. "ड्रॉप्स नियमित घालता ना?" असे डॉक्टरांनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "एक दिवस चुकत नाही." घरी येऊन मी लॅटॅनोप्रोस्टची बाटली उजेडात धरून पाहिली, तर तीन महिन्यांपूर्वी मीच आणून दिलेली अडीच मिलिलिटरची बाटली अजून निम्मी होती. मधल्या काळात दुसरी बाटली आणलेली नाही, असे आईनेही सांगितले. मी बाबांना विचारले, तर "मला काय लहान मूल समजतेस का?" म्हणून ते चिडले आणि दोन दिवस फोनवर आले नाहीत. रोज रात्री मी फोन करून ड्रॉप्सचे विचारते, त्याचाही त्यांना राग येतो. आईच्या बोटांना संधिवात आहे, तिला बाटली दाबता येत नाही. माझ्या मोठ्या काकांची दृष्टी याच आजाराने गेली, त्यामुळे मला फार धास्ती वाटते. त्यांच्या लक्षात राहावे म्हणून काय करू? मोबाइलमध्ये एखादे ॲप घालून देऊ का? आणि त्यांच्या अपरोक्ष डॉक्टरांना हे सांगणे योग्य ठरेल का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बाटली उजेडात धरून पाहिलीत, हे फार चांगले केलेत. लॅटॅनोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ऐंशी थेंब असतात. निम्मी बाटली संपली म्हणजे सुमारे चाळीस थेंब गेले, आणि दोन डोळ्यांसाठी रोज दोन थेंब लागतात. एकही थेंब गालावर ओघळला नाही असे धरले, तरी नव्वद रात्रींपैकी जेमतेम वीस रात्रींचे औषध बाबांच्या डोळ्यांत गेले आहे. दुसऱ्या औषधाची बाटली बहुधा पाच मिलिलिटरची असेल. तिचे रोज चार थेंब लागतात, म्हणजे तीही महिन्याच्या आसपास संपायला हवी. तिचाही हिशेब एकदा पाहून घ्या. या दोन आकड्यांवरून तुम्हाला जेवढे कळेल, तेवढे बाबांना प्रश्न विचारून कळणार नाही.

मात्र या हिशेबावरून बाबा खोटे बोलतात असा निष्कर्ष काढू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. "एक दिवस चुकत नाही" असे सांगणारे बहुतेक रुग्ण तसे मनापासून मानत असतात. २००९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांना औषध फुकट दिले होते, थेंब कधी घातला याची नोंद करणारे उपकरण बाटलीला जोडले होते आणि अशी नोंद होत आहे हे रुग्णांना सांगितलेही होते. तरीसुद्धा सुमारे ४५ टक्के रुग्णांनी ठरलेल्या वेळांपैकी तीन-चतुर्थांश वेळाही औषध घातले नाही. त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट दिसली. डॉक्टरांना भेटून आल्यावर लगेच आणि पुढच्या भेटीच्या आधी थेंब घालण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढत होते. तुमच्या बाबांचे प्रेशर १६ आणि फील्ड मात्र खराब, यामागे हेच कारण असू शकते. तपासणीची तारीख जवळ आली की माणूस मनापासून औषध सुरू करतो, तेवढ्या काही दिवसांत प्रेशर खाली येते आणि डॉक्टरांच्या यंत्रावर चांगला आकडा दिसतो. मधल्या महिन्यांत डोळ्याच्या मज्जातंतूवर किती ताण होता, हे त्या आकड्यावरून कळत नाही. चांगल्या प्रेशरमध्येही काही जणांचा आजार वाढतो, म्हणून मी हे खात्रीने सांगत नाही. पण निम्मी राहिलेली बाटली पाहता आधी या शक्यतेचा विचार करायला हवा.

हे औषध इतके सहज का राहून जाते, याचाही विचार करा. गुडघा दुखला की गोळी घेतल्यावर आराम पडतो, आणि तो आरामच माणसाला पुढच्या गोळीची आठवण करून देतो. बाबांच्या प्रकारच्या काचबिंदूत बहुधा काहीच दुखत नाही, समोरचे अक्षर अखेरपर्यंत वाचता येते आणि कडेची नजर इतकी हळूहळू जाते की ती गेल्याचे लक्षातही येत नाही. थेंब घातल्यावर उलट थोडे चुरचुरते, डोळे लाल होतात, डॉर्झोलामाइडने तोंड कडू होते. औषध घातले तर त्रास आणि नाही घातले तर काहीच नाही, असा अनुभव रोज येत असेल, तर चांगली स्मरणशक्ती असलेल्या माणसाच्या हातूनही चुका होणारच. त्यात तुमच्या घरात काकांचे उदाहरण आहे. इतके उपचार करूनही दादाची नजर गेलीच, मग माझे काय वेगळे होणार, असा विचार बाबांच्या मनात असण्याची शक्यता मला बरीच वाटते, कारण आपल्याकडे वडीलधारी माणसे भीती बोलून दाखवत नाहीत. तसे असेल, तर कोणत्याही गजराचा उपयोग होणार नाही. म्हणून आधी काकांविषयीच निवांत बोला. त्यांचा आजार कोणत्या टप्प्यावर कळला, तेव्हा किती नजर शिल्लक होती, हे बाबांना विचारा आणि त्यांना सांगू द्या. त्यानंतर त्यांना एक गोष्ट सांगता येईल. गेलेली नजर परत येत नाही, मोतीबिंदूसारखे शस्त्रक्रिया करून पुन्हा स्वच्छ दिसेल असे इथे होत नाही, हे खरे आहे. पण उरलेली नजर टिकवता येते, यालाही भक्कम आधार आहे. स्वीडनमधील एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रेशर (ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जेवढे एकेका मिलिमीटरने कमी होते, तेवढा आजार वाढण्याचा धोका दर मिलिमीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. कारखान्यात मापे आणि नोंदी पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशेब समजेल, आणि तो त्याच भाषेत समजावून सांगितल्यास त्यांचा मानही राहील.

आता डॉक्टरांना सांगण्याविषयी. सांगायलाच हवे, आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगायला हवे. डॉक्टर समजतात की बाबा दोन औषधे पूर्ण घेत आहेत आणि तरीही फील्ड खराब होत आहे. या समजुतीवर ते तिसरे औषध वाढवतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतील, आणि त्यांच्या जागी तो निर्णय बरोबरही असेल. याशिवाय एक धोका आहे, ज्याकडे घरच्यांचे लक्ष सहसा जात नाही. टिमोलॉल डोळ्यांतून नाकात आणि तिथून रक्तात जाते. त्याने नाडी मंदावू शकते आणि दमा असलेल्या माणसाला धाप लागू शकते. जे औषध बाबा आजवर अधूनमधून घेत होते, ते उद्यापासून रोज दोन वेळा नियमाने जाऊ लागले, तर शरीराच्या दृष्टीने तो एक नवा डोस आहे. बाबांना दमा, हृदयाचा विकार किंवा मुळातच मंद नाडी असेल, अथवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना तेही पुन्हा एकदा सांगा. नियमित औषध सुरू झाल्यावर चक्कर, धाप किंवा फार थकवा जाणवला, तर ते वयाचे लक्षण समजून सोडून देऊ नका.

मात्र हे त्यांच्या अपरोक्ष सांगू नका. तुम्ही दोघे मिळून जा आणि बाबांनाच बोलू द्या. त्यासाठी घरी प्रश्न थोडा बदलून पाहा. "ड्रॉप्स घातलेत का?" या प्रश्नाला स्वाभिमानी माणसाचे उत्तर एकच असते. "बाबा, आठवड्यातून साधारण किती वेळा राहून जाते? रात्रीचे जास्त राहते की सकाळचे?" असे विचारले, तर राहून जाते हे आधीच गृहीत धरलेले असते, त्यामुळे कबुली देण्याचा प्रसंग येत नाही आणि खरे उत्तर मिळते. दवाखान्यातही "आमच्याकडून रात्रीचे औषध बऱ्याचदा राहिले आहे, पुढची दिशा ठरवण्यापूर्वी तुम्हाला हे माहीत असावे" एवढे एक वाक्य पुरते. त्यातला "आमच्याकडून" हा शब्द मी मुद्दाम सुचवत आहे.

लक्षात राहण्याचे उपाय करण्यापूर्वी थेंब डोळ्यात पडतो का, हे एकदा समोर बसून पाहा. चार-चार वर्षे औषध घेणाऱ्या कित्येक रुग्णांना थेंब कसा घालायचा हे कुणी एकदाही दाखवलेले नसते. घाईच्या ओपीडीत चिठ्ठी लिहून दिली जाते आणि बाकीचे घरच्यांनी समजून घ्यायचे असते, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे. पुढच्या रविवारी नारायण पेठेत जाल तेव्हा "मला शिकायचे आहे, कधी गरज पडली तर आईला किंवा तुम्हाला घालून देता येईल" असे म्हणून बाबांना त्यांच्या पद्धतीने थेंब घालायला सांगा. मान मागे जाते का, हात थरथरतो का, बाटलीचे टोक पापणीला टेकते का, एकाऐवजी तीन थेंब पडून गालावर येतात का, हे शांतपणे पाहा. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, तर उभ्याने मान मागे टाकणे त्यांना जमणार नाही. अशा माणसाने पलंगावर उताणे पडूनच थेंब घालावा. एका हाताच्या बोटाने खालची पापणी थोडी ओढली की खोबण तयार होते. बाटली धरलेल्या हाताची मूठ कपाळावर टेकवली की थरथर कमी होते. वर पाहत एक थेंब सोडावा, डोळा हलकेच मिटावा आणि नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध नाकात उतरून रक्तात कमी जाते. मघाशी सांगितलेला टिमोलॉलचा धोकाही त्यामुळे कमी होतो. डोळा उघडा ठेवणे जमतच नसेल, तर उताणे पडून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात थेंब टाकावा आणि मग डोळा उघडावा, म्हणजे तो आत जातो. एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही. आपला थेंब नेमका पडत नाही ही जाणीव असलेला माणूस हळूहळू ते कामच टाळू लागतो. विसरण्याच्या कित्येक तक्रारींचे मूळ इथे असते, म्हणून यावर मी इतके लिहिले.

यानंतर वेळापत्रकाकडे येऊ. बाबांना रात्री दोन वेगवेगळे थेंब आहेत आणि दोहोंमध्ये किमान पाच मिनिटे जावी लागतात, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. माझ्या मते सगळी चूक त्या पाच मिनिटांत होते. पहिला थेंब घालून माणूस दिवाणखान्यात येऊन बसतो, टीव्हीवर काहीतरी चालू असते, तेवढ्यात फोन येतो, आणि दुसरी बाटली तशीच राहते. तुमच्याकडे लॅटॅनोप्रोस्टचीच बाटली निम्मी राहिली आहे, हे पाहता बाबांचेही असेच होत असावे. म्हणून दोन औषधे एकमेकांपासून पूर्ण वेगळी करा. दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधाच्या दोन वेळांत सुमारे बारा तासांचे अंतर हवे असते, तेव्हा डॉर्झोलामाइड-टिमोलॉल सकाळी सात आणि संध्याकाळी सात असे ठेवता येईल. लॅटॅनोप्रोस्ट रात्री ठरलेल्या एकाच वेळी गेले म्हणजे पुरे. झोपायला जाताना घालावे असे सहसा सांगितले जाते, पण त्या वेळी डोळे पेंगुळलेले असतात. रोज साडेआठला, जेवणापूर्वी घातले तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. बहुतेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने रोजची वेळ एकच असणे महत्त्वाचे असते.

वेळ घड्याळावर सोडू नका, बाबांच्या अंगवळणी पडलेल्या एखाद्या कामाला जोडा. हे काम तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा, कारण रोज न चुकता काय होते ते त्यांनाच माहीत असते. काही गोष्टी मी सुचवते. बाबा सकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकत असतील, तर त्याहून चांगली वेळ नाही. रेडिओ लावायचा, थेंब घालायचे आणि डोळे मिटून, कोपरे दाबून बातम्या ऐकायच्या. डोळे मिटून दोन मिनिटे नुसते बसणे कंटाळवाणे होते आणि टीव्हीसमोर ते जमतच नाही, रेडिओसमोर मात्र सहज जमते. संध्याकाळी आई देवापाशी दिवा लावत असेल, तर तो दिवा हीच सातची खूण समजावी. रात्री जेवणापूर्वी हात धुतल्यावर लगेच लॅटॅनोप्रोस्ट घालावे. जेवणानंतर नको, कारण हाताने जेवल्यावर साबण लावूनही बोटांना तिखट राहते, आणि एकदा ते डोळ्यात गेले की माणूस आठवडाभर बाटलीला हात लावत नाही.

बाटल्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. न उघडलेले लॅटॅनोप्रोस्ट बहुतेक कंपन्यांच्या सूचनेनुसार फ्रिजमध्ये ठेवायचे असते. उघडल्यावर ते बाहेर २५ अंशांखाली चालते, पण पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत घरात तेवढा गारवा नसतो. त्यामुळे उन्हाळ्यात ती बाटली फ्रिजमध्येच ठेवावी लागेल, आणि फ्रिजमध्ये गेलेली वस्तू डोळ्यांआड होते. त्यावर उपाय म्हणून बाटली फ्रिजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात एका छोट्या उघड्या डबीत ठेवावी आणि जेवणाच्या टेबलावर बाबांच्या नेहमीच्या जागी एक मोकळी वाटी ठेवावी. ड्रॉप्स घातल्याशिवाय त्या वाटीत ताक वाढायचे नाही, एवढा नेम घरात केला तरी पुरे. गार थेंबाचा एक फायदाही आहे, तो डोळ्यात पडला की नाही हे लगेच कळते. प्रत्येक औषधाच्या साठवणीची सूचना वेगळी असते, तेव्हा खोक्यावरचे वाचूनच जागा ठरवा. एका बाटलीला रबरबँड गुंडाळा, म्हणजे कमी उजेडातही बोटांना ओळख पटेल. दुसरीवर जाड मार्करने "सकाळ-संध्याकाळ" लिहा. कानाचे थेंब, चिकटवण्याच्या द्रवाच्या छोट्या ट्यूब असल्या वस्तू त्या खणात चुकूनही नसाव्यात. अशा चुकांनी डोळ्यांना भयंकर इजा झालेली माणसे नेत्ररुग्णालयांत येत असतात.

ॲपविषयी तुम्ही विचारले आहे. बाबा मोबाइल सराईतपणे वापरत असतील आणि त्यांची तयारी असेल, तर जरूर द्या. पण विसरणाऱ्याला ॲपची मदत होते, औषधावर विश्वास नसलेल्याला होत नाही, हे लक्षात असू द्या. साधा गजरही पुरतो, फक्त बाटली हातात घेतल्याशिवाय तो बंद करायचा नाही. गजर बंद करून "आता उठतो" म्हणणारा माणूस हमखास विसरतो. माझा कल मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे आहे. तारखेच्या चौकोनात सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अशा तीन बारीक खुणा बाबांनी स्वतःच्या हाताने कराव्यात, पेन्सिल तिथेच दोऱ्याला बांधून ठेवावी. कारखान्यातल्या माणसाला रजिस्टरचे वावडे नसते. त्या खुणा बाबांच्या स्वतःच्या आहेत, तुम्ही घेतलेली हजेरी नव्हे, हे पाळायला हवे. "मघाशी घातले होते का?" असा संभ्रम झाल्यावर पुन्हा थेंब घालण्याची चूकही त्यामुळे टळते. ही काळजी गरजेची आहे, कारण लॅटॅनोप्रोस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातल्यास त्याचा परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. आईला बाटली दाबता येत नसली, तरी दिनदर्शिकेकडे पाहून "आज तुमची रात्रीची खूण दिसत नाही" एवढे सहज म्हणता येते. तेवढेच त्यांचे काम असू द्या, पहारा ठेवण्याचे काम त्यांच्यावर टाकू नका.

आणि तुमचा रोज रात्रीचा फोन चालू ठेवा, पण त्यातून ड्रॉप्सचा प्रश्न काढून टाका. सध्या बाबांना तुमचा फोन म्हणजे तपासणी वाटत आहे, आणि वडिलांशी बोलण्याची ती रोजची वेळ अशी वाया जाणे मला फार वाईट वाटते. आठवड्यातून एकदा, भेटाल तेव्हा, दोघे मिळून दिनदर्शिका पाहा. चौकोन रिकामे असतील, तर ते कोणत्या वेळचे आहेत एवढेच पाहा. संध्याकाळचेच सारखे रिकामे राहत असतील, तर बाबा त्या वेळी कट्ट्यावर किंवा देवळात असतील, आणि मग वेळ बदलायला हवी.

ती निम्मी बाटली मात्र आजच टाकून द्या. एकदा उघडलेली ड्रॉप्सची बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरू नये, कारण तिच्यात जंतू शिरण्याचा धोका वाढतो आणि औषधाचा गुणही कमी होतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची सवय लावा आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, पेन्शन जमा होते त्या दिवशी म्हणा, दोन्ही बाटल्या नव्या आणा. बाटली पुरवून पुरवून वापरण्यामागे खर्चाचा विचार असेल, तर तो बाबा तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्हीच हळूच विचारा. त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध चालेल का, हे डॉक्टर सांगू शकतात. केंद्र सरकारच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड असेल, तर औषध तिथून घ्यावे. फक्त ते हाती येईपर्यंत मध्ये खंड पडू नये म्हणून आठवडाभर आधी मागणी करावी.

बसलेली घडी मोडते ती सणावारी आणि प्रवासात. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते, गावी गेल्यावर रेडिओ नसतो आणि जेवणाची वेळ बदलते. अशा दिवसांपुरता फोनचा गजर लावावा आणि बाटल्या गाडीच्या डिकीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. एकादशीचा किंवा नवरात्राचा उपवास डोळ्यांतल्या थेंबाने मोडत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण उपवासाच्या दिवशी औषध बंद ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. तपासणीच्या दिवशीही थेंब नेहमीप्रमाणेच घालावेत, डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तरच थांबावे. एखादी वेळ चुकलीच, तर थोड्या वेळाने आठवल्यावर घालावे. पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी आणि भरपाई म्हणून दोन थेंब कधीही घालू नयेत. रात्रीचे राहिले आणि सकाळी आठवले तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून आताच लिहून घ्या.

एवढे सगळे मनापासून करूनही दोन-तीन महिन्यांनंतर चौकोन रिकामेच राहिले, तर बाबांना दोष देऊ नका आणि स्वतःलाही देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की औषधांच्या वेळा कमी करता येतील का, एखादे औषध वगळता येईल का, किंवा लेझर उपचार बाबांच्या डोळ्यांना लागू पडेल का. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच लेझर केलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही ड्रॉप्सची गरज पडली नव्हती. ते रुग्ण नव्याने निदान झालेले होते आणि बाबांचा आजार पुढे गेलेला आहे, शिवाय लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, त्यामुळे तोच निकाल इथे मिळेल असे म्हणता येत नाही. पण हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. थेंबांनी डोळे फार लाल होणे, पापण्या काळवंडणे किंवा सतत खाज येणे असा त्रास बाबा सोसत असतील, तर तोही याच भेटीत सांगा. औषध बदलून मिळू शकते, आणि त्रासामुळे मनानेच बंद केलेल्या औषधापेक्षा बदलून मिळालेले औषध केव्हाही चांगले.

शेवटी एक गोष्ट तुमच्याविषयी. वडील आणि काका, दोघांनाही काचबिंदू असताना तुम्ही स्वतःची तपासणी केल्याचे पत्रात कुठेही लिहिलेले नाही. रक्ताच्या नात्यात हा आजार असेल, तर धोका वाढतो, विशेषतः चाळिशीनंतर. तुम्ही आणि तुमची भावंडे असतील तर तीही, चष्म्याचा नंबर काढण्यावर समाधान न मानता डोळ्यांचे प्रेशर आणि डोळ्यामागची मज्जातंतूची चकती पाहणारी पूर्ण तपासणी करून घ्या, आणि घरातला इतिहास डॉक्टरांना आधीच सांगा. बाबांच्या पुढच्या भेटीच्या दिवशीच तुमचीही वेळ घेतलीत, तर एका फेरीत दोन्ही कामे होतील. बाहुली मोठी करणारे औषध घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून त्या दिवशी दुचाकी न नेता रिक्षाने जा.